एडिंबरा तीन दिवसांत : चढ बसने, उतार पायी

एडिंबऱ्याला येणारे आमचे पाहुणे आधी मोबाइलवर नकाशा बघतात आणि मला फोन करतात, "अगं, सगळं तर जवळजवळच आहे, दीड दिवसात उरकेल!" नकाशा खोटं बोलत नाही. सगळं खरोखरच जवळ आहे. फक्त वेव्हर्ली स्टेशन दरीच्या तळाशी आहे, किल्ला कड्यावर आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये पायऱ्या आहेत, हे नकाशा सांगत नाही. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे येणारी काका-मावशी मंडळी "आपल्याला काय चढाची सवय आहे" असं म्हणतच येतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात बामचा वास असतो.

म्हणून मी पाहुण्यांना ठिकाणांची यादी देत नाही, एकच नियम देते. दिवस उंचावरून सुरू करायचा आणि मग उतरत राहायचं. वर नेण्यासाठी बस, टॅक्सी, लिफ्ट काहीही चालेल. पाय फक्त उतारासाठी राखून ठेवायचे. हा नियम पाळला तर सत्तरीतली माणसंही तीन दिवसांत हे शहर नीट बघू शकतात. नाही पाळला तर तिशीतली माणसंसुद्धा तिसऱ्या दिवशी हॉटेलात पाय चोळत बसतात.

शहर असं का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे रस्ते आपोआप कळतील. किल्ला ज्या खडकावर आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला तो कठीण दगड काही खरवडता आला नाही. बर्फ त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला आणि खडकाच्या पूर्वेला, त्याच्या आडोशाला, एक लांबलचक उतरता दांडा शिल्लक राहिला. त्या दांड्याच्या माथ्यावरून जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला हॉलीरूडचा राजवाडा. रॉयल माइलवरून दोन्ही अंगांना ज्या चिंचोळ्या गल्ल्या फुटतात त्यांना इथे 'क्लोज' म्हणतात. दांड्याच्या दोन्ही कडा तुटलेल्या असल्यामुळे या गल्ल्या कड्यासारख्या खाली कोसळतात. म्हणजे रॉयल माइल खाली उतरायला सोपी, पण क्लोजमधून वर यायचं म्हणजे दम लागणार.

त्यात भर म्हणून इथले काही रस्ते रस्ते नाहीतच, पूल आहेत. साउथ ब्रिजवरून चालताना दोन्ही बाजूंना दुकानं दिसतात, पुलावर आहोत याची शंकाही येत नाही. त्याला १९ कमानी आहेत आणि काउगेट या खालच्या रस्त्यावरची एकच उघडी दिसते, बाकीच्या इमारतींच्या पोटात गेल्या. त्यामुळे मोबाइल "तुम्ही पोचलात" म्हणाला आणि समोर काहीच नसलं तर गोंधळू नका. ते ठिकाण तुमच्या डोक्यावर किंवा पायाखाली असतं.

कधी यायचं

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनच्या मध्यावर पहाटे साडेचारला सूर्य उगवतो आणि रात्री दहाला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी जेवून पुन्हा टेकडीवर जाता येतं. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत अंधार पडतो. तेव्हा येणार असाल तर उघड्यावरचं सगळं दुपारी दोनपर्यंत संपवून संग्रहालयात शिरायचं.

ऑगस्ट हा वेगळाच विषय आहे. इंटरनॅशनल फेस्टिव्हल आणि फ्रिंज हे दोन्ही १९४७ पासून चालत आलेले, शिवाय किल्ल्यासमोर मिलिटरी टॅटूचा लष्करी सोहळा. नाटकं, विनोदी कार्यक्रम बघायचे असतील तर तेव्हाच या, आयुष्यात एकदा बघण्यासारखं आहे. पण फक्त शहर बघायचं असेल तर ऑगस्ट टाळा. खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि रॉयल माइलवर माणूस चालत नाही, ढकलला जातो. ३१ डिसेंबरच्या हॉगमनीचं, म्हणजे इथल्या वर्षअखेरीच्या उत्सवाचंही तेच.

पावसाची भीती सगळ्यांना असते, वाऱ्याची कोणाला नसते. खरा त्रास वाऱ्याचा. छत्री आणूच नका, पहिल्या कोपऱ्यावरच उलटी होते. टोपीचं, वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट हवं, आणि त्याखाली एकावर एक पातळ थर. जोराचा वारा सुटला की किल्ला आणि बोटॅनिक गार्डन सरळ बंद ठेवतात, म्हणून सकाळी निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर एक नजर टाकावी. समुद्रावरून येणारं धुकंही असतं, त्याला इथले लोक 'हार' म्हणतात. खाली लीथ बंदराच्या भागात काही दिसत नसतं आणि आर्थर्स सीट टेकडीच्या माथ्यावर लख्ख ऊन असतं, असंही होतं.

पोचणं आणि राहणं

भारतातून येणाऱ्यांसाठी एक आधीच सांगते : शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. युरोपची सहल आखताना "तिथून दोन दिवस स्कॉटलंडला जाऊन येऊ" म्हणणारे नातेवाईक मला दरवर्षी भेटतात.

लंडनहून येताना विमानापेक्षा रेल्वे बरी. किंग्ज क्रॉसहून साधारण साडेचार तास, आणि थेट शहराच्या मध्यावर उतरता. तिकीट आगाऊ काढलं तर फरक मोठा पडतो. जागा मात्र उजव्या हाताच्या खिडकीची घ्या. डरहॅमचं कॅथीड्रल त्या बाजूला, बेरिकचा २८ कमानींचा पूल ओलांडताना नदीचं मुख त्या बाजूला, आणि त्यानंतर रुळालगतचा समुद्रही त्याच बाजूला. डावीकडे बसलेले लोक माना वळवून वळवून थकतात.

विमानाने आलात तर ट्राम विमानतळाच्या दारातून निघते आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरून लीथ, न्यूहेवनपर्यंत जाते. राहायची जागा याच ट्रामच्या रेषेवर शोधा : हेमार्केट, सेंट अँड्र्यू स्क्वेअर, लीथ वॉक. 'जुन्या शहराच्या हृदयात' अशी जाहिरात असलेली खोली फोटोत सुंदर दिसते, पण ती बहुधा एखाद्या क्लोजमध्ये गोल दगडी जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर असते, आणि बाहेरच्या दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं तुटतात. बुकिंग करताना "लिफ्ट आहे का" एवढं लेखी विचारा. आम्ही स्वतः लीथ वॉकजवळच्या अशाच बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, म्हणून सांगते. आणखी एक : २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना शहराने ५ टक्के पर्यटक-कर लावला आहे, पहिल्या पाच रात्रींपर्यंत. सांगितलेल्या भाड्यात तो धरलाय की नाही ते बघून घ्या.

बसचं सोपं आहे. बँकेचं कार्ड टेकवायचं. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत, फक्त विमानतळाची ट्राम या हिशेबात धरू नका. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एकाच कार्डावर चौघं नाहीत. रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत. ट्रामचं कार्ड चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रावर टेकवायचं असतं. आत चढून यंत्र शोधणारे पाहुणे मी बघते, आणि तपासनीसही बघतो.

पहिली संध्याकाळ

प्रवास करून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चढ नको. प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये जा. ही बाग जिथे आहे तिथे पूर्वी नॉर लॉक नावाचं घाण तळं होतं. नवं शहर वसवताना ते आटवलं. नव्या शहराच्या पायांसाठी खणलेली माती तळ्याच्या जागेत ओतत गेले आणि त्यातून जुन्या-नव्या शहराला जोडणारा 'माउंड' तयार झाला. त्याच्या पायथ्याशी नॅशनल गॅलरी आहे, प्रवेश फुकट. काळ्या कपड्यांतला, हाताची घडी घालून बर्फावर घसरत जाणारा पाद्री तेवढा चुकवू नका.

पूर्वेच्या टोकाला, रजिस्टर हाउससमोर, घोड्यावर बसलेला एक पुतळा दिसेल. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८५२ साली उभारलेला. इथल्या लोकांना तो वॉटर्लूमुळे माहीत. आपण त्याला असईमुळे ओळखावं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच.

तिथून दहा मिनिटांवर कॅल्टन हिल. चढ आहे, पण इतका थोडा की तो नियमाला अपवाद धरते. वर बारा खांबांचं एक अर्धवट ग्रीक देऊळ उभं आहे. नेपोलियनच्या युद्धांत मेलेल्यांसाठी १८२६ मध्ये काम सुरू केलं, तीन वर्षांत पैसे संपले, तसंच राहिलं. सूर्यास्ताच्या सुमारास इथून किल्ला, सगळी शिखरं आणि समुद्र एकाच फेरीत दिसतात. आर्थर्स सीट चढणं जमणार नसेल त्यांनी हे करून समाधान मानावं, हळहळू नये.

दुसरा दिवस : वरून खाली

हा मुख्य दिवस. किल्ल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. उन्हाळ्यात दारावर जाऊन तिकीट मिळेलच असं नाही. स्टेशनवरून चालत चढू नका. माउंडवरून वर जाणारी बस घ्या किंवा टॅक्सीने किल्ल्यासमोरच्या एस्प्लनेड मैदानाजवळ उतरा. चालायला त्रास असेल तर किल्ल्याच्या आतल्या चढासाठी छोटी गाडी असते, दारातच चौकशी करा.

किल्ल्यात शिरण्याआधी एस्प्लनेडवर, म्हणजे दरवाजासमोरच्या मैदानात, थांबा. तिथे ७८व्या हायलँडर्स पलटणीचं एक स्मारक आहे, सेल्टिक क्रूसाच्या आकाराचं, १८५७च्या उठावात भारतात मेलेल्या त्यांच्या सैनिकांसाठी. त्यावर हत्ती कोरला आहे. स्कॉटलंडच्या पलटणीला हत्ती कुठून? तो असईचा. त्या लढाईबद्दल पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. (मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथे टॅटूसाठी प्रेक्षकांचे लोखंडी मांडव असतात, तेव्हा स्मारक शोधावं लागेल.)

मैदानाला लागूनच पांढऱ्या आणि लालसर रंगाच्या, मनोऱ्यांच्या इमारतींचा एक जमाव दिसतो, तो रॅमसे गार्डन. नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने १८९०च्या दशकात हा उभा केला आणि स्वतः तिथे राहिला. पडकी वस्ती सरसकट पाडून टाकू नका, थोडी छाटा, दुरुस्त करा आणि माणसांना तिथेच राहू द्या, हे त्याचं म्हणणं. जुन्या एडिंबऱ्यातल्या कितीतरी वास्तू त्यामुळे वाचल्या. हाच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. मुंबईच्या पाहुण्यांना मी इथे पाच मिनिटं सक्तीने उभं करते.

किल्ल्यात तीन गोष्टी पुरे. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं चिमुकलं चॅपेल, जे शहरातली सर्वांत जुनी इमारत आहे. मग राजमुकुट, तलवार आणि राजदंड. आणि मॉन्स मेग ही १४४९ची तोफ. राज्याभिषेकाचा दगड बघायला इथे आलात तर निराश व्हाल, तो २०२४ मध्ये पर्थच्या संग्रहालयात गेला. रोज उडते ती तोफ वेगळी, तिची वेळ दुपारी एक, रविवारी नसते. ही तोफ का उडते त्याची गंमत अशी की लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून कॅल्टन हिलवर १८५२ पासून बरोबर एक वाजता एक गोळा खाली पडायचा. धुक्यात तो दिसेना, म्हणून १८६१ पासून आवाजाची सोय केली. साडेनऊला आत गेलात तर एक वाजेपर्यंत थांबू नका. तोफ खाली रस्त्यावरूनही ऐकू येते, आणि अनोळखी माणसं दचकताना बघायला मिळतात ती तिथेच.

आता उतरा. अख्खा दिवस आहे, घाई नको. टार्टनच्या, म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाच्या, दुकानांसमोर रेंगाळण्यापेक्षा क्लोजमध्ये डोकवा, पण दहा-बारा पावलं जाऊन परत या, तळापर्यंत उतरू नका. लेडी स्टेअर्स क्लोजमध्ये रायटर्स म्युझियम आहे : बर्न्स, स्कॉट, स्टीव्हन्सन. फुकट आहे आणि गर्दी कमी असते. सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. तिथल्या थिसल चॅपेलच्या लाकडी कोरीवकामात बॅगपाइप वाजवणारा देवदूत शोधायला मुलांना सांगा, तेवढीच तुम्हाला शांतता. बाहेर फरसबंदीत दगडांचं एक हृदय आहे, तिथे पूर्वी तुरुंग होता. लोक त्यावर थुंकतात. रीत आहे ती, तुम्ही फक्त त्यावर उभं राहून फोटो काढू नका.

मेरी किंग्ज क्लोज की हॉलीरूडचा राजवाडा, असा प्रश्न इथे पडतो, कारण दोन्हींना तिकीट आहे आणि दोन्ही नीट बघितले तर पाय उरत नाहीत. माझं मत : मुलं आणि तरुण असतील तर मेरी किंग्ज. नगरपालिकेच्या इमारतीखाली गाडल्या गेलेल्या गल्ल्यांमधून तासभर वाटाड्याबरोबर फिरायचं असतं. जमीन ओबडधोबड आणि उतरती आहे, बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी जाऊ नये. आईवडील बरोबर असतील तर राजवाडा. स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या ज्या खोल्यांत १५६६ मध्ये तिच्या चिटणिसाला तिच्यासमोर भोसकलं, त्या बघता येतात. जूनअखेरीच्या सुमारास राजा मुक्कामाला येतो तेव्हा राजवाडा बंद असतो.

खालचा अर्धा भाग, कॅननगेट, बहुतेक पर्यटक सोडून देतात. मला तोच जास्त आवडतो. कॅननगेटच्या चर्चच्या आवारात अॅडम स्मिथची कबर आहे. त्याच्या जरा खाली डनबार्स क्लोज, आत सतराव्या शतकाच्या धर्तीवरची कातरलेल्या झुडपांची बाग. बाकं आहेत, प्रवेश फुकट, डबा खाऊन घ्यायला याहून चांगली जागा रॉयल माइलवर नाही. तळाशी संसद, २००४ मध्ये उघडलेली. कॅटलन वास्तुकार एन्रिक मिरालेसची ही इमारत काहींना अजिबात आवडत नाही. आत जाऊन बघा, मग ठरवा; रविवारी बंद. इथे प्रसाधनगृह स्वच्छ आहे, हेही ज्येष्ठांबरोबर फिरताना महत्त्वाचं. परतताना बस. रॉयल माइल पुन्हा चढायची नाही म्हणजे नाही.

तिसरा दिवस : आभाळ बघून

ऊन असेल आणि पाय शाबूत असतील तर सकाळी आर्थर्स सीट, उंची २५१ मीटर. हॉलीरूडच्या बाजूने चढलं तर तास-सव्वा तास. टॅक्सीने डनसापी तळ्यापर्यंत गेलात तर चढ निम्म्याहून कमी होतो. माथ्यावरचा दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालाय, ओला असताना फार घसरतो. पकड असलेले बूट हवेत.

गुडघे कुरकुरत असतील तर त्याऐवजी नदीकाठ. टॅक्सीने डीन व्हिलेजला उतरा. जुन्या पिठाच्या गिरण्यांचं हे गाव थेट शहराच्या मधोमध, खोलगटात आहे. लोक तिथे राहतात, तेव्हा खिडक्यांखाली मोठ्याने बोलू नका. तिथून वॉटर ऑफ लीथच्या काठाने, टेलफर्डच्या उंच पुलाखालून, स्टॉकब्रिजपर्यंत रमतगमत अर्धा तास. रविवार असला तर तिथे बाजार भरतो. पुढे बोटॅनिक गार्डन, १६७० मध्ये सुरू झालेलं, बाग फुकट. हा सगळा रस्ता पाण्याबरोबर जातो, म्हणजे उतारच.

पाऊस असेल तर चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम. दहाला उघडतं, पैसे नाहीत. डॉली मेंढी, लुईस बेटावरच्या बुद्धिबळाच्या ११ सोंगट्या, आणि लिफ्टने गच्चीवर जाऊन किल्ल्याचा देखावा. बाहेर पडल्यावर जवळच ग्रेफ्रायर्सचं चर्च आणि दफनभूमी आहे. मालकाच्या कबरीची राखण करणारा म्हणून प्रसिद्ध झालेल्या बॉबी कुत्र्यासाठी सगळे जातात. तुम्ही १६३८च्या राष्ट्रीय करारासाठीही जा, राजाने चर्चमध्ये हस्तक्षेप करू नये म्हणून लोकांनी त्यावर इथेच सह्या केल्या.

लॉक नेसची एका दिवसाची बस सहल मात्र घेऊ नका. बारा तास बसमध्ये आणि तळं तासभर. तीन दिवसांतला एक दिवस त्यात गेला की एडिंबरा उरतंच किती? शहराबाहेर जायचंच असेल तर लोकल गाडीने डॅलमेनीला उतरा, खाली साउथ क्वीन्सफेरीत जा. १८९०चा लाल फोर्थ ब्रिज, १९६४चा आणि २०१७चा, तीन शतकांचे तीन पूल एका रांगेत. अर्ध्या दिवसात परत.

पोटाचं आणि पिशवीचं

हॅगिस हा इथला मूळचा मांसाहारी पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस जवळजवळ सगळ्या पबमध्ये मिळतं. ओट्स, डाळी, कडधान्यं आणि भरपूर मिरी. सोबत 'नीप्स' आणि 'टॅटीज', म्हणजे सलगमाच्या जातीच्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा. आमच्या आईने पहिल्यांदा नाक मुरडलं, नंतर पाककृती मागितली. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, नऊनंतर गरम जेवण शोधत फिरू नका. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका. दुकानांत दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच विकतात, तिथे वाद घालून उपयोग नाही.

घरी न्यायला 'टॅब्लेट' घ्या. साखर, आटवलेलं दूध आणि लोणी यांचं, कडक झालेल्या बर्फीसारखं लागतं, आणि ऑफिसात वाटायला परवडतं. शॉर्टब्रेड रॉयल माइलवर घेऊ नका. तोच डबा सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळतो. काश्मिरी लोकरीच्या स्वस्त मफलरींचं लेबल उलटून वाचा, बऱ्याचदा अक्षरं मोठी आणि लोकर कमी असते. स्कॉटिश बँकांच्या पाउंडाच्या नोटा हाती आल्या असतील तर त्या इथेच खर्च करून टाका. लंडनमध्ये दुकानदार उलटसुलट करून बघत बसतात, आणि भारतात बदलून घेताना आणखी कटकट.